वहीतला एक खोडलेला शब्द

मॅडम,

तुम्ही माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असाल, तरी मॅडमच म्हणते. समोर बसून हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी गौरी-गणपती झाल्यावर मी वजनासाठी आहाराचा सल्ला घ्यायला तुमच्याकडे आले, तेव्हा माझ्या खाण्याच्या नोंदवहीत एक ओळ होती : ‘चोरी – मोदक २, पुरणपोळी १, वरणभात’. चोरी हा शब्द आधीच्या जिममधल्या सरांचा. त्यांनी चार महिने भात, पोळी, भाकरी, केळं, सगळं तोडलं होतं. पहिल्या दहा दिवसांत साडेतीन किलो उतरले, तर ग्रुपवर माझा फोटो आणि टाळ्या. सणाच्या तीन दिवसांत दीड किलो परत आलं, तर त्याच ग्रुपवर ‘जिभेवर ताबा नाही’. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, शंभर माणसांसमोर! रागावल्यानं वजन उतरत असतं तर मी शाळेतच काडी झाले असते.

तुम्ही ती ओळ वाचलीत. काही न बोलता हिरव्या पेनानं ‘चोरी’ खोडलंत आणि वर लिहिलंत, ‘नैवेद्य’. मग विचारलंत, “मोदक कुणी वळले होते?” सासूबाईंनी, गुडघे धरून, एकवीस. “आणि तुम्ही कुठे बसून खाल्लेत?” मी गप्प. ओट्याकडे तोंड करून, उभ्यानं, कुणी यायच्या आत गिळले होते ते मी. तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे सरकवलात आणि मी डोळे पुसेपर्यंत संगणकात काहीतरी बघत बसलात. बघण्यासारखं काही नव्हतं, मला ठाऊक आहे.

त्या दीड किलोचा हिशेब तुम्ही साबुदाण्यावर समजावलात. रात्री भिजत घातलेला साबुदाणा सकाळी फुगतो, तसं. पिठूळ-गोड खाल्लेलं यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतं, सगळं मिळून अर्ध्या किलोच्या आसपास. आणि त्याचा एकेक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. भात तोडला की साठा रिकामा, पाणी गेलं, काटा खाली. पुन्हा जेवलं की पाणी परत. किलोभर चरबी चढायला जवळजवळ ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात, त्या दोन मोदकांत कुठून येणार? म्हणजे त्या टाळ्याही बऱ्याचशा पाण्यालाच होत्या.

भाताला तुम्ही निर्दोष सोडलं नाहीत, हेही खरं. डोंगरासारखा भात आणि त्यावर पळीभर आमटी, दिवसाला चार गोड चहा, उपवासाच्या नावाखाली तूप-दाण्यात न्हालेली खिचडी... शरीर आधी हे पिठूळ-गोड जाळतं, आणि खाणं गरजेपेक्षा जास्त असलं की चरबी कोठारात तशीच राहते. मी स्टॅनफर्डचा २०१८चा अभ्यास तुमच्याकडूनच ऐकला. ६०९ माणसं, एक वर्ष. एका गटानं कर्बोदकं, म्हणजे हेच पिठूळ-गोड, कमी केली, दुसऱ्यानं चरबी. सरासरी सहा किलो आणि पाच पूर्णांक तीन किलो उतरले. त्या फरकाला काही अर्थ नाही म्हणालात. जे वर्षभर निभेल ते खरं. माझ्या ताटात भात एक वाटी राहिला, उसळ दुप्पट झाली. बाकी काय काय बदललं ते तुमच्या फाइलीत आहेच.

सात किलो उतरलेत, वर्षात. सरांच्या हिशेबानं हे फारच हळू.

पण मॅडम, कुणाला कमी न लेखता चूक दाखवता येते, हे मी तुमच्याकडे पाहिलं. परवा ऑफिसात नवीन मुलीनं व्हाउचर चुकवलं, तेव्हा आवाज चढवायच्या आधी मला ते हिरवं पेन आठवलं. चढला थोडा, पण अर्ध्यातच उतरला.

या पत्राबरोबर डबा पाठवतेय. पाच मोदक आहेत, सासूबाईंच्याच हातचे. तूप वेगळ्या डबीत आहे. बसून खा.