संगणकाची शेवटची तारीख बिलावर हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या खंडेनवमीला आमच्या ऑफिसातल्या पाचही संगणकांना झेंडूचे हार घातले, हळदकुंकू लावलं. त्यातल्या एकाच्या पडद्यावर हाराच्या मागून निरोप डोकावत होता: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपतो आहे. ज्याची पूजा चालली होती त्याचीच मुदत भरत आली होती.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याच्या अडत दुकानांचे हिशेब लिहितो. त्या पंधरवड्यात पेठेत एकच बोलणं, १४ तारखेनंतर जुने संगणक उघडणारच नाहीत. एक विक्रेते तर पाच नव्या मशिनचं कोटेशन घेऊनच आले. प्रत्यक्षात १५ तारखेला सगळे संगणक नेहमीसारखे सुरू झाले. म्हणून आता उलटी हवा आहे, 'काही होत नाही हो'. दोन्ही बोलणी चुकीची आहेत.

सांगलीकरांना हे समजावायला आयर्विन पूल पुरेसा आहे. कृष्णेचं पाणी तिथं ४० फुटांवर आलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. ४० फुटांना कुणाच्या घरात पाणी शिरत नाही, पण नदीकाठचा शहाणा माणूस धान्याची पोती माळ्यावर चढवायला लागतो. सपोर्ट संपणं म्हणजे ही इशारा पातळी. संगणक चालतो, पण त्याच्या सुरक्षेत यापुढे जी नवी भोकं सापडतील ती कंपनी बुजवणार नाही.

भोक उघडं ठेवल्यावर काय होतं ते २०१७ मध्ये सगळ्या जगानं पाहिलं. मायक्रोसॉफ्टनं त्या वर्षी मार्चमध्ये एक दुरुस्ती, म्हणजे अपडेट, पाठवली होती. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्या संगणकांत १२ मेला 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस शिरला, फायलींना कुलूप लावून खंडणी मागू लागला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढं ढकलाव्या लागल्या. मधे दोन महिने हातात होते! विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीचा सपोर्ट तर २०१४ मध्येच संपलेला, तरी कंपनीला त्यासाठी अपवाद म्हणून दुरुस्ती काढावी लागली. दर वेळी काढतीलच असं नाही.

हे लिहिताना माझाही गुन्हा कबूल करतो. काही वर्षांपूर्वी २० तारखेला, जीएसटीचं ३बी हे मासिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी पडद्यावर 'अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका' आलं. टक्के हळूहळू चढत असतानाच लाईट गेली आणि यूपीएसनं जेमतेम पाच मिनिटं तग धरला. पुढचा दिवस मशिन शुद्धीवर आणण्यात गेला, विलंब शुल्क पडलं ते वेगळं. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "सर, अपडेटच बंद करून टाकतो, कटकट नको." मी मान डोलावली. दोन वर्षं ते बंदच होतं. आमच्या गाळ्यांच्या ओळीत निम्म्या ठिकाणी त्याच मुलानं तेच केलेलं असणार.

खरं तर उपाय साधा होता. विंडोजची मासिक दुरुस्ती महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते, म्हणजे ८ ते १४ तारखेच्या दरम्यान. आता त्यानंतरच्या रविवारी मी ऑफिस उघडतो, आधी बॅकअप, मग एकेक मशिन. रविवार कितीही लांबला तरी १९ च्या पुढं जात नाही. एवढं कळायला मला एक विलंब शुल्क भरावं लागलं.

राहता राहिला जुन्या मशिनचा प्रश्न, आणि माझी तक्रार तिथंच आहे. पाचांतले तीन संगणक २०१८ मध्ये घेतलेले, इंटेलच्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरचे. रॅम वाढवली, एसएसडी टाकली, आजही फटाफट चालतात. पण विंडोज ११ आठव्या पिढीच्या खालच्यांना दारात उभं करत नाही. एका पिढीनं हुकलं! आता त्यातल्या एकाची इंटरनेटची वायर काढून टाकली आहे. तो फक्त डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, काढतो. दुसऱ्यावर विंडोजऐवजी उबुंटू ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली, ब्राउझरच्या कामाला ती चालते. तिसरा मुलीनं घरी नेला. घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची जादा मुदत आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करावं लागतं. धंद्याच्या मशिनला हीच मुदत पहिल्या वर्षी ६१ डॉलरला आणि पुढं दरवर्षी दुप्पट दरानं. त्या पैशात आणखी थोडे घालून मी नवाच घेईन.

विंडोज १० ची ही तारीख कंपनीनं २०१५ मध्येच जाहीर केली होती. पुढची आवृत्ती कोणत्या मशिनला नाकारणार हे मात्र २०२१ मध्ये कळलं, तेव्हा २०१८ च्या विक्रेत्याला सगळा दोष देता येणार नाही. पण जेवढं ठाऊक होतं तेवढं तरी त्यानं सांगायला हवं होतं. बियाण्याच्या पिशवीला वैधतेचा टॅग लागतो, औषधाच्या बाटलीवर तारीख असते, मग चाळीस हजारांच्या यंत्रावर का नको? ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडता येणाऱ्या घरगुती वस्तू विकताना सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळतील हे सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे. युरोपीय संघात जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनला, त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट द्यावे लागतात. तोच फोन आपल्या पेठेत घेताना आपण कॅमेरा किती मेगापिक्सेलचा एवढंच विचारतो.

सरकारी खरेदीतून सुरुवात व्हावी. गावोगावच्या विकास सोसायट्यांचं संगणकीकरण केंद्राच्या २०२२ च्या योजनेतून चालू आहे, जिल्हा परिषदेच्या शाळांतही संगणक येतात. त्या निविदेत वॉरंटीच्या शेजारी 'सुरक्षा अपडेट अमुक तारखेपर्यंत' हे कलम घातलं तर बाजार आपोआप वळेल.

२०१८ चं बिल मी परवा फायलीतून शोधून काढलं. वर 'वॉरंटी तीन वर्षे', खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा रबरी शिक्का. दोन्हींच्या मधे एक ओळ आरामात मावेल एवढी जागा कोरी आहे.

आपला,
एक हिशेबनीस, मार्केट यार्ड, सांगली