सड्यावरची सही

देवगड,
12 नोव्हेंबर

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

शिकलेली माणसे प्रचाराला कशी भुलतात, असे तू गेल्या पत्रात विचारले होतेस. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेला तुझा मित्रच या उन्हाळ्यात भुलला; तेव्हा उत्तर तेथूनच सुरू करतो.

सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, जमिनी घेण्यासाठी चैत्रात एक दलाल आला होता. तो आमच्या खालच्या वाडीत सांगे, की वरच्या वाडीने सह्या केल्या, तुम्हीच मागे राहिलात. आणि वरच्या वाडीत आमच्याविषयी अक्षरशः तेच सांगे. सह्या कोणीही केल्या नव्हत्या. मी मात्र वीस गुंठे विकण्याच्या साठेखतावर सही करून मोकळा झालो आणि गणपतीत भजनाला दोन्ही वाड्या एकत्र बसल्या तेव्हा सारा उलगडा झाला.

न्यूयॉर्कमध्ये 1937 साली स्थापन झालेल्या प्रचार-विश्लेषण संस्थेने ज्या सात युक्त्या सांगितल्या, त्यांतली ही एक: सगळे निघाले आहेत, तूही चल. ती इतकी का चालते, हे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या 1951 च्या प्रयोगातून कळते. रेघांची लांबी ओळखण्याच्या साध्या कामात बाकीच्यांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले, तेव्हा चारांतल्या सुमारे तिघांनी एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळला; पण एका जरी सोबत्याने खरे उत्तर दिले, तर हे प्रमाण एकदम खाली येई. आमच्या घरात तो सोबती होता. हिने विचारले होते, "तुमी ती सही डोळ्यांनी बघलात काय?" मी चिडलो, एवढेच.

दलाल खोटे फारसे बोललाच नाही, हे मला अधिक बोचते. कातळावर काही पिकत नाही, मुले मुंबईत आहेत, हद्दींचे वाद आहेत, ही प्रत्येक गोष्ट खरी होती. सड्यावरचे पावसाळी गवत गुरांना लागते आणि तिथे मुरलेले पाणीच आपल्या विहिरींना येते, एवढे त्याने गाळले. अशा निवडक सत्याविरुद्ध चटकन काही बोलता येत नाही, कारण सांगितलेल्या गोष्टींत खोडून काढावे असे काही नसते; काय गाळले, हेच विचारावे लागते. त्यातून तो खळ्यात मांडी घालून बसे, मालवणीत बोले, सोलकढी मागून घेई, आपल्यातलाच वाटे. 'विकास' हा शब्द मात्र त्याने विक्रीला चिकटवला होता. जनसंपर्कतज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यांनी 1929 साली तंबाखू कंपनीसाठी न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत स्त्रियांच्या हाती सिगारेटी देऊन त्या सिगारेटींना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हणवले, ते याच जातीचे. शब्द उदात्त असला, की त्याच्या आडची वस्तू तपासायला माणूस संकोचतो. मीही संकोचलो, विकासाला विरोध करणारा म्हातारा मास्तर ठरायचे नव्हते.

बयाणा परत देऊन साठेखत रद्द करण्याची खटपट चालू आहे. वकील आशा दाखवतात, पण तारीख सांगत नाहीत.

आता मुख्य काम. त्याच सड्यावर तुझ्या नावावर सात गुंठे आहेत आणि दलालाने तुझा मुंबईचा पत्ता माझ्याकडूनच घेतला आहे. तो येईल आणि म्हणेल, "तुमच्या मास्तरांनीसुद्धा सही केली आहे." त्याचे हे वाक्य खरे असेल. तरी मला फोन केल्याशिवाय पेन उचलू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत