सेंट अँड्रूजला निघणाऱ्यांसाठी आठवण

सभासदहो,

स्कॉटलंडला गोल्फ खेळायला येणाऱ्यांनी या रविवारी संध्याकाळी 5 वाजता भाट्याच्या सुरूबनापाशी जमावे. हँडिकॅपचे (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचे) प्रमाणपत्र आणा. त्याशिवाय तिथल्या ओल्ड कोर्स या मैदानावर खेळता येत नाही, हे तिसऱ्यांदा सांगतोय!

बैठक पुळणीवर मुद्दाम ठेवली आहे. ओल्ड कोर्स लिंक्सवर आहे. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळूची उंचसखल पट्टी; आपण जिथे सुरू लावले, तशा जागी स्कॉटिश लोकांनी मेंढ्या चारल्या आणि खेळ मांडला. ओल्ड कोर्स कुणा एकाने कागदावर आखलेला नाही. 18 होल्सना ग्रीन (चेंडू घालायच्या खड्ड्याभोवतीची कातरलेली हिरवळ) मात्र 11च, कारण 7 ग्रीन जोडीचे, म्हणजे दोन होल्सना सामाईक आहेत. गंमत म्हणजे जोडीतल्या होल्सच्या क्रमांकांची बेरीज दर वेळी 18 येते. बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, 112; त्यातले कित्येक टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) दिसतही नाहीत. तेव्हा ताकद दाखवण्याआधी वारा बघा. वाऱ्याचं आपल्याला कोण शिकवणार म्हणा!

बॅलटसाठी (खेळायची वेळ ठरवणाऱ्या सोडतीसाठी) नावे दोन दिवस आधी द्यावी लागतात. रविवारी तिथे एरवी खेळ बंद, पण फिरायला मोकळीक. त्या दिवशी सतराव्या होलचा रोड बंकर आणि अठराव्या ग्रीनपुढचा खळगा पायी बघून ठेवू.

येणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवा.

– सचिव