लडाखच्या सरोवरांकडे जाताना आधी मुक्कामाची उंची विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा जवळ आल्या की आपल्या दैनिकात उन्हाळी सहलींच्या जाहिराती सुरू होतात. त्यांत लडाखमधल्या पँगाँग आणि त्सो मोरिरी या सरोवरांच्या कौटुंबिक सहलीही असतात. त्यांचा साचा बहुधा एकच असतो. पहिल्या दिवशी दिल्लीहून विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही उंच खिंड ओलांडून नुब्राचे खोरे, तिसऱ्या रात्री पँगाँगकाठी तंबूत मुक्काम आणि पाचव्या-सहाव्या दिवशी परत. जाहिरातीत हॉटेल, जेवण, गाडी यांचा तपशील असतो, पण रोज रात्री किती उंचीवर झोपायचे हे कुठेच दिलेले नसते. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर पैसे भरण्याआधी हाच प्रश्न विचारायला हवा.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. लेह ३,५०० मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवले तरी वर थोडी जागा उरेल. दिल्लीहून विमान तिथे साधारण सव्वा तासात पोचते. हवेतले प्राणवायूचे प्रमाण तिथेही २१ टक्केच असते, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरल्याने प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच हिशेबाने घटतो. श्वासाचा वेग वाढवून आणि रक्तातली आम्लता सावरून शरीर याच्याशी जुळवून घेते. मात्र त्याला काही तास पुरत नाहीत, काही दिवस लागतात.

यात फसवणारी गोष्ट अशी की त्रास उतरल्या-उतरल्या होत नाही. डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर, झोप न लागणे ही लक्षणे बहुधा सहा ते बारा तासांनी दिसतात. सकाळी उतरलेली मंडळी दुपारपर्यंत ताजीतवानी असतात. ती बाजारात फिरतात, शांती स्तूपाच्या पायऱ्या चढतात आणि रात्री डोके धरून बसतात. दुसऱ्या दिवशीची गाडी ठरलेली असल्यामुळे डोकेदुखीची गोळी घेऊन सुमारे साडेसतरा हजार फुटांच्या खिंडीकडे निघतात.

गिर्यारोहणातला जुना नियम सोपा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त उंच करू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. दिवसा उंच खिंड ओलांडून रात्री खाली झोपणे त्या मानाने निभावते. पँगाँगकाठचे स्पांगमिक सव्वाचार हजार मीटरच्या घरात आहे आणि त्सो मोरिरीकाठचे कोरझोक साडेचार हजारांच्या. लेहमध्ये एकच रात्र काढून तिकडे जाणे या नियमात कुठेच बसत नाही.

पँगाँगची आणखी एक अडचण नकाशा नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. उंचीच्या त्रासावर खरा उपाय एकच, खाली उतरणे. पण पँगाँगहून लेहला येताना आधी चांग लाची खिंड चढावी लागते आणि तीही साडेसतरा हजार फुटांच्या आसपास आहे. म्हणजे मध्यरात्री कुणाला धाप लागली तर त्याला खाली न्यायला आधी आणखी हजारभर मीटर वर न्यावे लागेल. खिंड टाळायची तर दुर्बुक आणि श्योक मार्गे नुब्रातल्या डिस्किटला उतरावे लागते. ते सव्वातीन हजार मीटरच्या आत आहे आणि तिथे रुग्णालयही आहे, पण वाट पाच-सहा तासांची असून पाणी वाढले की हा रस्ता बंद पडतो. त्सो मोरिरीचे तसे नाही. कोरझोकहून नामशांग ला ही लहान खिंड पार केली की माहेपासून सिंधूच्या काठाने लेहपर्यंत उतारच आहे. पण कोरझोक स्वतःच फार उंच.

म्हणून कुटुंबाने आखणी करताना उलट बाजूने सुरुवात करावी. पहिल्या तीन रात्री लेहमध्ये, त्यातले पहिले दोन दिवस नुसता आराम. त्याहून बरे म्हणजे विमानतळावरून थेट सिंधूच्या खालच्या अंगाला, निम्मू किंवा आलचीकडे जाणे. ही गावे लेहपेक्षा चारशे मीटरच्या आसपास खाली आहेत आणि दोन तासांच्या आत येतात. तिसऱ्या दिवशी शे, ठिकसे किंवा सिंधू-झंस्कारचा संगम पाहावा. चौथी आणि पाचवी रात्र नुब्रात. तिथले हुंदर लेहपेक्षा खाली असल्याने वाटेत खारदुंग ला लागली तरी झोप खालीच होते. मात्र खिंडीत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. सहाव्या दिवशी श्योकमार्गे तांगत्सेला यावे. तांगत्से चार हजार मीटरच्या थोडे आत, म्हणजे तीन रात्री सवय झालेल्या लेहपेक्षा पाचशे मीटरच्या आतच उंच आहे, तिथे छोटे आरोग्य केंद्र आहे आणि तिथून सरोवर तास-दीड तासावर आहे. सातव्या दिवशी सकाळी पँगाँग पाहून चांग लावरून लेह गाठावे. आठवा दिवस मोकळा ठेवावा, नवव्या दिवशी विमान. सरोवराकाठी तंबूतच झोपायचा मुलांचा हट्ट असतो, पण निळ्या पाण्याचे खरे रंग सकाळच्या उन्हातच दिसतात आणि ते तांगत्सेहून येऊनही दिसतात. त्सो मोरिरी पाहायचेच असेल तर गरम पाण्याच्या झऱ्यांच्या चुमाथांगला, म्हणजे चार हजार मीटरच्या आसपास, मुक्काम करून दिवसा कोरझोकला जाऊन यावे.

मोकळा दिवस ही चैन नव्हे. लेहची बहुतेक विमाने सकाळीच ये-जा करतात, कारण दुपारनंतर दरीत वारा वाढतो. हवा बिघडली की उड्डाण रद्द होते आणि दिल्लीहून नाशिककडे येणारे पुढचे तिकीट वाया जाते.

आता तारखांचा प्रश्न. आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि सरोवरांचा खरा हंगाम त्याच सुमारास सुरू होतो. मेच्या आरंभी सरोवरांवरचा बर्फ नुकताच सुटत असतो, रात्री पारा शून्याखाली जातो आणि मनाली-लेह रस्त्याचा भरवसा नसतो. त्यामुळे नाशिककरांच्या वाट्याला मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचे पहिले दहा दिवस येतात. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, म्हणजे २५ मेला निघायचे तर मार्चअखेरीस तयार असायला हवे.

वेळ असेल तर रस्त्याने चढणे शरीराला सोसते, मात्र श्रीनगरच्या बाजूने. मनमाडहून झेलम एक्स्प्रेसने दोन रात्रींत जम्मू, तिथून कटरा, आणि कटऱ्याहून जून २०२५ पासून सुरू झालेल्या वंदे भारतने सुमारे तीन तासांत श्रीनगर. दोन रात्री तिथे, १,६०० मीटरच्या आसपास. मग झोजी लावरून कारगिल, २,७०० मीटरच्या आसपास, आणि दुसऱ्या दिवशी लेह. मनालीच्या बाजूने अटल बोगद्यामुळे रोहतांगची खिंड टळते, पण पुढे सरचूला, म्हणजे ४,२०० मीटरच्या वर, मुक्काम टाकण्याची पद्धत आहे. मनालीच्या दोन हजार मीटरवरून एकदम तिथे झोपणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे. मनालीकडून परतायला हरकत नाही, कारण तोवर अंगाला सवय झालेली असते.

औषधाबद्दल. उंचीचा त्रास टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइड हे औषध प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावे लागते, याने घाबरू नये. हृदयविकार, दमा, तीव्र रक्तक्षय, गर्भारपण, नुकताच झालेला छातीचा संसर्ग यांत आधी तपासणी हवी. आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, ती सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची. पेठ, सुरगाणा या आदिवासी पट्ट्यातल्या कुटुंबांनी तर नक्कीच, पण घराण्यात कुणाला सिकलसेल असलेल्या इतरांनीही जाण्याआधी रक्त तपासून घ्यावे. विरळ हवेत या पेशी वाकतात आणि प्लीहेला इजा होऊ शकते. नुसता वाहक असलेल्यालाही हा धोका असतो.

लहान मूल डोके दुखते असे सांगत नाही. ते चिडचिड करते, जेवत नाही, खेळायचे सोडून पडून राहते. उंचीवर असे दिसले की दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत उंचीचाच त्रास समजावा आणि त्या दिवशी वर जाऊ नये. मोठ्यांसाठी एक साधी परीक्षा आहे. सरळ रेषेवर टाचेला पुढचा अंगठा लावत दहा पावले चालायला सांगावे. तोल गेला, बोलण्यात गोंधळ वाटला किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला सुरू झाला तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच खाली उतरावे. लेहमध्ये सोनम नोरबू स्मृती रुग्णालय आहे, तिथल्या डॉक्टरांच्या हाताखालून असे रुग्ण नेहमी जातात.

दुकानात मिळणाऱ्या प्राणवायूच्या छोट्या डब्यांवर भिस्त ठेवू नये. दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत संपतो. गाडीत मोठा सिलिंडर आणि मुलाच्या मापाचा मास्क आहे का, हे सहल कंपनीला लेखी विचारावे. रक्तातला प्राणवायू दाखवणाऱ्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर लेहमध्ये ९० च्या आसपास किंवा थोडा कमी आकडा दिसणे नेहमीचे आहे. बोट गार असेल तर तो चुकीचा दाखवतो, म्हणून हात चोळून, दोन-तीनदा पाहावे आणि लक्षणांना जास्त महत्त्व द्यावे.

खाण्याचे म्हणाल तर सव्वाचार हजार मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळते. प्रेशर कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि भात कच्चट राहतो. मुलांसाठी आपल्याकडचे मनुके, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, भाजणी, मेतकूट जवळ असावे. तिथे भूक मंदावते, तेव्हा थोडे-थोडे आणि गोडाचे खाल्ले जाते. मद्य आणि झोपेच्या गोळ्या पहिल्या दिवसांत पूर्ण वर्ज्य. अतिनील किरण दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, म्हणून मुलांनाही चांगला गॉगल हवा. महाराष्ट्रातले प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, घरात एकाकडे तरी पोस्टपेड असावे. रोख रक्कम लेहमध्येच काढून घ्यावी. पर्यावरण शुल्काची पावती आणि ओळखपत्रांच्या तीन-चार प्रती चालकाजवळ द्याव्यात. पँगाँगच्या वाटेवर पागल नाला आहे. दुपारी वरचा बर्फ वितळून त्याला पाणी चढते, म्हणून तो सकाळीच ओलांडावा.

सरोवरांचीही काळजी घ्यावी. त्सो मोरिरी २००२ पासून आणि तिथलेच त्सो कार सरोवर २०२० पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक यादीत आहेत. तिथल्या पाणथळीत काळ्या मानेचा क्रौंच जमिनीवर घरटे करतो, आणि मे-जून हाच त्याचा अंडी घालण्याचा काळ. गाडी रस्ता सोडून गवतात घालू नये, मुलांना घरट्याच्या दिशेने धावू देऊ नये, वाटेतल्या मार्मोटांना, म्हणजे बिळात राहणाऱ्या मोठ्या खारींना, बिस्किटे घालू नयेत. मुक्काम तंबूंपेक्षा गावातल्या घरांत करावा. तिथले कोरडे संडास मुलांना आधी समजावून सांगावे लागतात, एवढेच.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. पर्यटन पुरवणीत लडाखच्या सहलींच्या जाहिराती घेताना प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचे गाव आणि त्याची मीटरमधली उंची छापण्याची अट घालावी. त्यासाठी एक ओळ पुरेल. ‘लेह ३,५००, लेह ३,५००, लेह ३,५००, हुंदर ३,१००’ अशी ओळ वाचली की बरोबर कुणाला न्यावे आणि कुणाला घरी ठेवावे, हे आई-वडिलांना स्वतःच ठरवता येईल.

आपले,
डोंगरवाटांच्या सहली आखणारे काही नाशिककर