सायकलीला माणूस हवा

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : शहरातल्या सार्वजनिक भाडे-सायकली पुन्हा सुरू करण्याबाबत

महोदय,

सा. न. वि. वि.

मी पुण्यात औंधला राहते आणि गेली बावीस वर्षं विद्यापीठाच्या आवारातल्या एका कार्यालयात नोकरी करते. बस मला मुख्य गेटपाशी सोडते. हे आवार चारशे एकरांहून मोठं आहे आणि माझं टेबल पार दुसऱ्या टोकाला. रमतगमत गेलं तर पंचवीस मिनिटं, मस्टर डोळ्यांपुढे ठेवून झपझप गेलं तर अठरा. म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये आमच्या आवारात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकली आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी मुलाकडून फोनमध्ये ॲप घालून घेतलं.

मला तेव्हा झालेला आनंद आधी सांगते, कारण नंतरच्या कटकटींमध्ये तो सगळेच विसरले. फोन सायकलीसमोर धरायचा, खट्‌ आवाज करून कुलूप उघडायचं, आणि अर्ध्या तासाला एक रुपया. साडी खोचून, डबा पुढच्या जाळीत ठेवून मी निघायचे. वडाच्या पारंब्यांखालून सहा-सात मिनिटांत कार्यालय. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला सकाळी साडेनऊला केसांतून वारा जाणं म्हणजे काय, हे मी शब्दांत सांगू शकणार नाही.

आमच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या एक मावशी आहेत. त्या माझ्या आधी येतात, पण शनिवारी आमची वेळ जुळायची. एका शनिवारी गेटपाशी त्या मला म्हणाल्या, "मॅडम, मला बी काढून द्या की एक." त्यांच्याकडे बटणांचा फोन. माझ्या खात्यावर एका वेळी एकच सायकल निघायची. मी ती काढून त्यांच्या हातात दिली आणि चालत निघाले. मावशी लहानपणी गावाकडे दांडीखालून पाय घालून सायकल शिकलेल्या. दहा पावलं डगमगल्या, मग सरळ झाल्या, आणि वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत घंटी वाजवत गेल्या. त्या दिवशी मी पोचले तेव्हा त्यांनी सगळा मजला पुसून काढला होता आणि चहा ठेवला होता.

साहेब, ज्यांना या सायकलींची खरी गरज होती, त्यांच्याकडे तो फोन नव्हता. हे मला त्या शनिवारी कळलं.

मग हळूहळू सगळं बिघडत गेलं. आधी सीट. वरखाली करायचा खटका निसटला की सीट बसता बसता खाली जायची आणि गुडघे छातीला लागायचे. टायर भरीव रबराचे होते. पंक्चरची भीती नाही हे खरं, पण रस्त्यातला प्रत्येक खड्डा कमरेला कळायचा. पावसाळ्यानंतर चेनी गंजून करकरायला लागल्या. मग कुणीतरी मडगार्डवरचा बारकोड खरवडून टाकायचं, म्हणजे ती सायकल इतर कुणाला उघडता येऊ नये. एकदा नकाशावर माझ्या घराजवळ एक सायकल दिसत होती. ठिपका बघत बघत गेले, तर ती एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, मागच्या चाकाला घरचं कुलूप घातलेली. दुसरी मुळा नदीच्या काठी चिखलात आडवी पडलेली पाहिली, एक पेडल नसलेली. मी सायकली चालवणाऱ्या कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवलं. तक्रार नोंदवून घेतल्याचा निरोप आला. पंधरा दिवसांनी सायकल तिथेच होती, गवत मात्र वाढलं होतं.

२०१८ मध्ये शहरात एकामागून एक कंपन्या उतरल्या. वेगवेगळ्या रंगांच्या सायकली फुटपाथवर ओळीने उभ्या राहिल्या. त्यानंतर वर्षभरात त्यातल्या बहुतेक नाहीशा झाल्या.

तेव्हापासून एक वाक्य मी ऑफिसात, बसमध्ये, लग्नात, सगळीकडे ऐकते : आपल्या लोकांना सार्वजनिक वस्तू वापरायची अक्कल नाही. हे वाक्य मला फार लागतं, आणि ते पूर्ण खरंही नाही. पॅरिसमध्ये २००७ साली अशाच सायकली सुरू झाल्या, तेव्हा पहिल्या दोन-तीन वर्षांतच हजारो चोरीला गेल्या, मोडल्या, कित्येक सेन नदीत फेकल्या गेल्या. तिथल्या महापालिकेने लोकांना नावं ठेवून योजना गुंडाळली नाही. सायकली दुरुस्त केल्या, नव्या आणल्या, पुढे ठेकेदार बदलला, आणि त्या सायकली आजही चालतात. आपल्याकडे कंपनीला नफा दिसेना, कंपनी गेली, आणि तिच्याबरोबर सायकलही गेली. ती आपली कधी झालीच नव्हती.

आता थोडं जुनं सांगते. माझं बालपण शनिवार पेठेतलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. दहा-बारा मोठ्या सायकली, चार लहान. प्रत्येकीच्या मडगार्डवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घातलेला. आम्हा मुलांची लाडकी सात नंबरची, कारण तिचे ब्रेक लागायचे. तासाला आठ आणे. दुकानाचे मालक वहीत वेळ लिहायचे आणि वर बघून विचारायचे, "कुणाची गं तू?" वडलांचं नाव सांगितलं की झालं, अनामत नाही, काही नाही. सायकल परत आली की ते ती उचलून पुढचं चाक फिरवायचे आणि रिम ब्रेकच्या रबराला कुठे घासते का ते कान देऊन ऐकायचे. बेंड निघाला तर तिथल्या तिथे स्पोक आवळायचे. पाडून आणली असली तर आपण सांगायच्या आधी त्यांना कळायचं. उशीर झाला तर संध्याकाळी ते वडलांनाच भेटायचे.

या शहराला सायकलींचं शहर म्हणायचे, ते काही उगीच नाही. पालिका प्रत्येक सायकलीला पत्र्याचा बिल्ला द्यायची. रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचे, डबलसीट दिसलं की अडवायचे. म्हणजे सायकल हे सरकारच्या हिशेबातलं वाहन होतं, त्याला नियम होते, त्याची दखल होती. आणि प्रत्येक पेठेत हवा मारणारा, चेन चढवून देणारा एक माणूस होता.

२०१७ च्या योजनेत सॅटेलाइट होता, बारकोड होता, ॲप होतं. फक्त हा माणूस नव्हता. रस्त्यावर सोडून दिलेली, कुणाच्याच नजरेखाली नसलेली वस्तू इतके महिने टिकली हेच मला विशेष वाटतं. माझ्या मते योजना इथेच फसली, आणि मी हे पत्र एवढ्याचसाठी लिहिते आहे.

म्हैसूरला माझी नणंद राहते, त्यामुळे तिथल्या 'ट्रिन ट्रिन' सायकली मी वापरल्या आहेत. त्याही २०१७ सालच्याच, जून महिन्यातल्या. सुरुवातीला साडेचारशे सायकली होत्या, शहरभर पन्नासच्या आसपास ठरलेली स्थानकं. सायकल स्थानकावरच्या खुंट्याला अडकवलेली असायची, कार्ड लावलं की सुटायची आणि परत कुठल्यातरी खुंट्यालाच लावावी लागायची. कुठेही टाकून द्यायची सोय नव्हती, म्हणून ती सापडायची. योजना महापालिकेची आहे. पुण्यातल्या सायकली दिसेनाशा झाल्यानंतरही तिथल्या चालत राहिल्या. कागदावर पुण्याची योजना जास्त आधुनिक होती.

आता मागणं.

हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोमार्गावर २३ स्थानकं आहेत. त्यातलं एक आमच्या विद्यापीठाचं. या स्थानकांखाली टपऱ्या आणि दुचाक्या आपोआप जागा धरतील, त्याआधी प्रत्येक ठिकाणी दहा फूट बाय दहा फूट जागा सायकलींसाठी राखून ठेवा. तिथे एक माणूस नेमा. शहरात सायकल दुरुस्तीचा हात असलेले कारागीर अजून आहेत. कुणी झाडाखाली पंप घेऊन बसतात, कुणी आता दुचाकीच्या गॅरेजमध्ये लागलेत. त्यांना बोलवा. आणि कृपा करून त्यांचा मोबदला फेऱ्यांवर ठरवू नका. रोज सकाळी सात वाजता किती सायकली चालू स्थितीत उभ्या आहेत, त्यावर ठरवा. फेऱ्या वाढवणाऱ्याला सायकल रस्त्यावर हवी असते, चालू सायकलींचे पैसे मिळणारा तिची काळजी घेतो. ठेक्याच्या कागदावरच्या या एका ओळीने फार फरक पडेल असं मला मनापासून वाटतं.

भाडं मेट्रोच्या कार्डावर घ्या, पण ज्यांच्याकडे कार्डही नाही त्यांच्यासाठी वही ठेवा. साधी, रेघांची वही. ओळखपत्र बघून नाव लिहून घेता येतं. आमच्या गल्लीत तर ओळखपत्रही लागत नव्हतं.

सायकल घेताना बायकांना विचारा. दांडी खाली वाकलेली हवी, चेनला पूर्ण झाकण हवं (माझ्या दोन ओढण्या आणि एक साडी त्या चेनीत गेली), आणि पुढे जाळी हवीच, कारण आमच्याकडे पर्स, डबा आणि परतताना भाजी असते.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. पुण्याच्या सायकल आराखड्यात आठशे किलोमीटरहून जास्त मार्ग दाखवले होते. मी औंधला आयटीआय रस्त्यावर सायकल चालवली, आवारात चालवली. पण घरापासून विद्यापीठापर्यंत एकदाही चालवली नाही. गणेशखिंडीच्या त्या वाहतुकीत उतरायची हिंमत झाली नाही. आठशे किलोमीटर राहू द्या. प्रत्येक मेट्रो स्थानकाभोवतीचे दोन किलोमीटर तरी असे करा की आठवीतली मुलगी आणि पन्नाशीची बाई न घाबरता सायकल चालवू शकतील.

पैशांचा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि तो बरोबरच आहे. भाड्यातून हा खर्च निघणार नाही. पॅरिसमध्ये पहिली दहा वर्षं जाहिरातफलकांच्या हक्कांच्या बदल्यात कंपनीने सायकली चालवल्या. तसं काही इथे बसतं का ते तुमचे अधिकारी बघतील. पण उड्डाणपुलाने भाडं मिळवावं अशी अपेक्षा कुणी करत नाही. मग मेट्रोतून उतरलेल्या माणसाला घरापर्यंत नेणाऱ्या सायकलीने तरी नफा का दाखवावा?

तुम्ही पुण्यात याल तेव्हा एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला विद्यापीठाच्या मुख्य गेटपाशी दहा मिनिटं थांबा. माळी, सफाईच्या बायका, खानावळीतली पोरं, सुरक्षारक्षक, सगळे बसमधून उतरतात आणि चालायला लागतात. त्यांत निळ्या स्वेटरातल्या, हातात कापडी पिशवी असलेल्या आमच्या मावशीही दिसतील. आता त्यांचा डावा गुडघा दुखतो. अध्येमध्ये त्या मला विचारतात, "मॅडम, त्या सायकली परत येणार का हो?" त्यांना काय सांगू, एवढं कळवावं.

आपली नम्र,
औंधची एक रहिवासी