लिनक्स मोफत, डेटाबेसचा परवाना नव्हे

महोदय,

सर्व्हरवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवली की डेटाबेसचा खर्चही संपतो, असा समज लहान संस्थांमध्ये अजूनही आढळतो, म्हणून हे पत्र. ओरॅकलने आपला डेटाबेस १९९८ मध्ये लिनक्सवर आणला आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या २०१७ च्या आवृत्तीपासून तीच वाट धरली, त्यामुळे हा मार्ग आता चांगला रुळला आहे. मात्र एसक्यूएल सर्व्हरचा परवाना विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे सारखाच लागतो. वाचते ती केवळ ऑपरेटिंग सिस्टीमची किंमत.

शिवाय वाटेल ते लिनक्स चालत नाही. डेटाबेसची उत्पादक कंपनी ठरावीक वितरणांनाच, म्हणजे लिनक्सच्या ठरावीक तयार संचांनाच, साहाय्य देते. सेंटओएस ७ या वितरणाची अद्ययावतीकरणे ३० जून २०२४ रोजी थांबली. तरीही त्यावर हिशेबाचा डेटाबेस चालवणारी एक संस्था मी स्वतः पाहिली आहे आणि ती काळजी माझ्या मनातून जात नाही.

मेमरीचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. लिनक्सवर एसक्यूएल सर्व्हर मूळ मांडणीत यंत्राच्या भौतिक मेमरीपैकी ८० टक्क्यांपर्यंत वापरू शकतो, आणि त्याच यंत्रावर इतर प्रणाली चालत असल्यास मेमरी संपताच लिनक्सचे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) सर्वाधिक मेमरी व्यापणारी प्रक्रिया, म्हणजे बहुधा डेटाबेसच, बंद पाडते. डेटाबेसच्या मेमरीची मर्यादा प्रशासकाने आधीच आखून द्यावी लागते.

खरेदीच्या निविदेत वितरणाचे नाव, त्याच्या साहाय्याची अंतिम तारीख आणि प्रशासकाचे वेतन या तीन बाबी नोंदवाव्यात, अशी माझी विनंती आहे.

– एक डेटाबेस प्रशासक, पुणे