सातारचा उतार

पुणे, 10 सप्टेंबर

प्रिय दोस्ता,

झालं रे एकदाचं! साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत: 1 तास 59 मिनिटं 30 सेकंद. रविवारी फोनवर तुला आकडा सांगितला, पण मागे ढोल वाजत होते आणि माझा गळा भरून आला होता. तुला निम्मं ऐकू गेलं नसेल, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

गेल्या वर्षी माझं काय चुकलं ते तूच बरोबर ओळखलं होतंस. यवतेश्वरचा घाट चढून, जिथून परत फिरायचं त्या वळणापर्यंत मी 62 मिनिटांत पोचलो आणि परत यायला 64 मिनिटं घेतली. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ! मी पावसाला दोष देत बसलो होतो. तू फक्त विचारलंस, "मांड्यांना काय झालं होतं?"

तो प्रश्न वर्षभर डोक्यात राहिला. चढावर धाप लागते, म्हणून आपण सगळी तयारी चढाचीच करतो. उतारावर मात्र प्रत्येक पावलाला अंगाचं वजन मांडीचा पुढचा स्नायू तोलून धरतो, तेही ताणला जात असताना. तिथेच तो झिजतो. आणि त्याला सवय लावायची तर उतरण्यासारखा दुसरा उपाय नाही. म्हणून मे महिन्यापासून दर रविवारी सिंहगडाचा गाडीरस्ता. चढायचं सावकाश, उतरायचं पळत. पहिल्या खेपेनंतर तीन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला. जुलैत तेच अंतर उतरून मी सोमवारी आरामात ऑफिसचे जिने चढउतार करत होतो. शरीर इतकं शिकतं याचं मला अजून नवल वाटतं.

हिशोब तुला पाठच आहे: 21.0975 किलोमीटर दोन तासांत, म्हणजे किलोमीटरला 5 मिनिटं 41 सेकंद. पण तो सपाट रस्त्याचा. साताऱ्यासाठी मी वेगळा मांडला. वर जाताना 6:25, खाली येताना 4:55. चिठ्ठी करून मनगटावर चिकटवली.

सगळ्यात अवघड गेलं ते लोकांना पुढे जाऊ देणं. समर्थ मंदिर मागे पडलं, घाट सुरू झाला, बारीक पाऊस, आणि शेकडो माणसं मला ओलांडून चाललेली. दोन तासांचा झेंडा घेतलेला पेसरही, म्हणजे बरोबर तेवढ्या वेळेत पोचेल असा वेग धरून पळणारा धावपटूही, धुक्यात दिसेनासा झाला. पोटात गोळा आला. वाटलं, पुन्हा एक वर्ष गेलं. तरी वेग वाढवला नाही. परतीच्या वळणाला घड्याळात 67 मिनिटं 20 सेकंद.

मग उतार आला आणि पाय जागेवर होते! लहान पावलं, अंग किंचित पुढे, टाच आपटायची नाही. सिंहगडावर घोकलेलं सगळं आपोआप होत गेलं. एका वळणावर धुकं फाटलं आणि खाली कण्हेर धरणाचं पाणी दिसलं. घाटात मला मागे टाकणारे आता कडेला पाय ताणत उभे होते. गेल्या वर्षी मीही तिथेच उभा होतो, म्हणून जाताना त्यांना हाक मारत गेलो. समर्थ मंदिरापाशी तो झेंडा पुन्हा दिसला. तिथून गावातला रस्ता. दुतर्फा माणसं, शाळकरी पोरं टाळीसाठी हात पुढे करून उभी. एकालाही चुकवलं नाही.

शेवटच्या कमानीवरच्या घड्याळात 2:01 होते. ते पहिला धावपटू सुटतो तेव्हाच सुरू होतं. काळजात धस्स झालं. मी बराच मागून निघालो होतो हे माहीत असूनही हातातल्या घड्याळावर विश्वास बसेना. बिबमधल्या, म्हणजे छातीवरच्या नंबरातल्या चिपची खरी वेळ, मी स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची, मोबाईलवर आली, तेव्हा कुठे खाली बसलो.

आणि पहिला तूच आठवलास. सात वर्षांपूर्वी हॉस्टेलच्या मैदानावर दोन तासांच्या आत यायचं आपण दोघांनी ठरवलं होतं. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं नसतं तर तू हे माझ्या आधी केलं असतंस, हे मी मनापासून म्हणतोय. तुझं चालणं आता चार किलोमीटरवर आलंय, असं वहिनी सांगत होत्या. मला त्याचा माझ्या वेळेइतकाच आनंद झाला. दिवाळीत नागपूरला येतोय. पहाटे फुटाळा तलावावर जाऊ, तू म्हणशील तेवढं चालू.

सोबत कंदी पेढे पाठवलेत. हवा दमट आहे, डबा आल्या आल्या उघड.

तुझाच,
खोली नंबर 12 मधला